मदत हवी आहे: पाचवा महिना, पायात गोळे, झोपेचं पार खोबरं झालंय

चांदणचुरा
पाचवा महिना चालू आहे. पहिले महिने उलट्यांत गेले, तेव्हा सगळ्याजणी म्हणत होत्या की मधले महिने सुखाचे असतात. कसले सुखाचे! रात्री पोटरीत असा गोळा येतो की ओरडतच जाग येते. मग दिवसभर ठणकत राहते. गोळ्या चालू आहेत, फिरणं चालू आहे, पाणी भरपूर पिते. सगळीकडे शोधलं, तेच ते "पाय उंच ठेवा". जी यातून गेली आहे तिने नेमकं सांगा. पुढची तपासणी अजून लांब आहे, एवढ्याशासाठी डॉक्टरांना फोन करायला नको वाटतं. जरा लवकर सांगा, आज तरी झोपायचंय.

कागदीहोडी
कितवा आठवडा? आणि "गोळ्या चालू आहेत" म्हणजे कोणत्या, कधी घेतेस?

चांदणचुरा
एकविसावा. लोह आणि कॅल्शियम. सकाळी खाल्लं की दोन्ही एकदम घेऊन टाकते, वर चहा. पण माझा प्रश्न पोटरीचा आहे.

कागदीहोडी
अगं, दोन्ही एकदम नको घेऊस. कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही, आणि चहाने तर आणखीच कमी. दोन गोळ्यांत किमान दोन तास जाऊ देत. लोहाबरोबर आंबट फळ चालेल, चहा-कॉफी-दूध नाही. हिमोग्लोबिन किती आहे? या महिन्यांत रक्तातलं पाणी लाल पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळे आकडा थोडा खाली येतोच. म्हणून मधल्या तिमाहीत जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १०.५ आहे, आधी आणि नंतर ११. त्याखाली असेल तर डॉक्टरांशी बोल.

पिंपळपान
मॅग्नेशियम सुरू कर. मला आठवड्यात फरक पडला. बाकीच्या भानगडीत पडूच नकोस.

तिसरीघंटा
@पिंपळपान, तुम्हाला फरक पडला हे चांगलंच. पण गर्भारपणात पोटरीत येणाऱ्या गोळ्यांवर मॅग्नेशियमचे जे अभ्यास झालेत त्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. पोटात बाळ असताना डॉक्टरांना न विचारता आणखी एक गोळी वाढवायला सांगू नये.

पिंपळपान
अनुभव सांगणं गुन्हा आहे का? ती अनुभवच विचारते आहे.

रानवाट
दोघंही थांबा, तिला आज रात्री झोपायचंय. चांदणचुरा, गोळा आला की पाऊल ताणून बोटं खाली नेऊ नकोस, त्याने गोळा आणखी आवळतो. गुडघा सरळ ठेव, टाच पुढे रेट आणि बोटं नडगीकडे ओढ. पोटामुळे हात पोचत नसेल तर पलंगाच्या कडेला बसून पाऊल जमिनीवर सपाट टेकव आणि उभी राहा. झोपण्याआधी भिंतीला हात लावून एक पाय मागे घे, मागची टाच उचलू नकोस, पोटरी ताणली जाईल तिथे थोडा वेळ थांब. दोन्ही पायांना कर. मला याचाच उपयोग झाला.

पिंपळपान
आणि नवऱ्याला सांग चांगली रगडून द्यायला. फार दुखलं तर आयब्युप्रोफेन घे, मोकळं वाटतं.

तिसरीघंटा
आयब्युप्रोफेन अजिबात नाही! विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचार.

शुभ्रकळी
हिरड्यांतून रक्त येतं का गं? या दिवसांत हिरड्या सुजतात. दातांचं काही काम राहिलं असेल तर हेच महिने सोयीचे, नंतर खुर्चीत उताणं पडून राहणं कठीण होतं. मी टाळत बसले होते, शेवटी नवव्या महिन्यात दाढ दुखायला लागली.

सांजपाखरू
उताणं झोपतेस का? डाव्या कुशीवरच झोप. पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येते.

कागदीहोडी
डावी बरी, पण उजवी चालतच नाही असं नाही. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवर झोप लागेल हे आवर्जून बघायचं. मधेच पाठीवर जाग आली तर घाबरायचं नाही, कुशीवर वळायचं.

उंबरठा
मी सुईण-परिचारिका आहे, प्रसूती विभागात काम करते. सगळं वाचलं, एक गोष्ट खटकली. गोळा सुटल्यावर थोडा वेळ ठणका राहतो, पण दिवसभर? चांदणचुरा, दोन्ही पायांत होतं की एकाच? सूज आहे का?

चांदणचुरा
डाव्याच. सूज आहे थोडी, मोज्याचा वळ संध्याकाळपर्यंत जात नाही. उजव्याला असा उठत नाही. सूज सगळ्यांनाच येते ना?

उंबरठा
दोन्ही पावलांवर संध्याकाळी येणारी, सकाळी उतरणारी सूज वेगळी. एकाच पायाची वेगळी. पोटरी गरम किंवा लालसर आहे का? टेप असेल तर गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर दोन्ही पोटऱ्या मोज. आणि रगडू नकोस, कुणालाही रगडू देऊ नकोस.

चांदणचुरा
डावी अडीच सेंटिमीटरने जास्त भरली. हात लावला तर गरम लागते आहे.

उंबरठा
आत्ताच दवाखान्यात फोन कर, सकाळची वाट बघू नकोस. शिरेत रक्ताची गाठ झाली आहे का हे डॉपलर सोनोग्राफीने बघतात. त्यात क्ष-किरण नसतात, बाळाला धोका नाही. गर्भारपणात रक्त एरवीपेक्षा लवकर गोठतं. शिवाय डाव्या पायाची मोठी शीर ओटीपोटात उजव्या बाजूच्या धमनीखालून जाते, तिथे दाबली जाते. म्हणून बहुतेक वेळा डावाच पाय. धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं तर फोनही नको, रुग्णवाहिका बोलव.

सांजपाखरू
गरोदर बाईला किती घाबरवता! माझाही एक पाय सुजायचा, काही झालं नाही.

उंबरठा
नसेल काही तर आनंदच आहे. पण ते डॉपलर बघून ठरू दे, आपण इथे बसून नको ठरवायला.

रानवाट
चांदणचुरा, निघालीस का? कळव.

चांदणचुरा
आत्ता लिहायला सवड मिळाली. गाठ निघाली, मांडीच्या शिरेपर्यंत. हेपॅरिनची, म्हणजे रक्त गोठू न देणारी, इंजेक्शनं सुरू केली आहेत, पोटाच्या कातडीखाली, घरीच घ्यायची. हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही असं सांगितलं. बाळ छान आहे, ठोके ऐकवले. उंबरठाताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी पोटरी ताणत बसले असते. एकच विचारायचंय, टोचलेल्या जागी निळं पडतंय, चालतं का?

उंबरठा
तेवढं होतं. रोज जागा बदल, टोचल्यावर चोळू नकोस. पसरत गेलं किंवा दुसरीकडे कुठे रक्त आलं तर कळव त्यांना. इंजेक्शनं बाळंतपणानंतरही किमान सहा आठवडे चालतात. पाठीत भूल द्यायची झाली तर ती आधी थांबवावी लागतात, तेव्हा कळा सुरू झाल्यावर काय करायचं ते भूलतज्ज्ञांकडून आधीच लिहून घे.

शुभ्रकळी
आणि दातांच्या डॉक्टरकडे गेलीस तर या इंजेक्शनांचं आधी सांग हं.