किमोच्या पॅक्लिटॅक्सेल औषधाने बोटं बधिर झालीत, द्राक्षाची छाटणी तोंडावर आलीय. काय करता?

द्राक्षवाला_दिंडोरी
नमस्कार मंडळी. वय छप्पन्न, तीन एकर बाग. डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन झालं. नाशिकला किमो चालू आहे. लाल औषधाचे डोस संपले. तेव्हा मळमळ झाली, तोंड आलं, लघवी लाल झाली, पण चार-दोन दिवसांत उतरायचं. मिशी गेली ते मात्र लागलं. टकलाचं कुणी विचारत नाही, मिशी दिसली नाही की पारावरचा जो तो म्हणतो, "घरात कोण गेलं?"

आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल. बोटांच्या टोकांना मुंग्या, शर्टाचं बटण लागत नाही. कात्री हातात आहे की नाही हे बघून कळतं. ऑक्टोबर छाटणी आली. पुरुषांत हा आजार शंभरात एखादा, त्यामुळे किमोच्या डे-केअरला आजूबाजूला सगळ्या बायका. त्या एकमेकींना विचारतात, मी मोबाइल बघत बसतो. म्हणून इथे विचारतोय.

सिडकोची_मावशी
भाऊ, बायकांनाच विचारायचं की! आम्ही काय खातो का तुम्हाला? मलाही हेच झालं होतं. पुढच्या डोसआधी डॉक्टरांना नेमकं सांगा, बटण लागत नाही म्हणून. "थोडं होतंय" म्हणून गप्प बसू नका. ते बघून डोस कमी करतात किंवा मध्ये थांबतात. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून ताकदीच्या गोळ्या घेऊ नका, बी-६ जास्त झालं तर त्यानेही मुंग्या येतात. आणि गरम पाण्याची पिशवी नको, भाजलेलं कळत नाही. पाणी कोपराने बघायचं.

ओझरचा_एकटा
दादा, मीही पुरुष, माझाही हाच आजार. छाटणी मजुरांकडून करून घ्या. नंतर वेलीचे डोळे फुटायला जी पेस्ट लावतो, तिला तर हातच लावू नका. त्यातलं हायड्रोजन सायनामाइड कातडी जाळतं आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही. बागेत बूट घाला, पण घालण्याआधी झटका, विंचू निघतो. रात्री तळपाय बघत जा. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला खरचटू देऊ नका, सूज येते ती लवकर जात नाही.

ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना मिसळीवरचा कच्चा कांदा, कोथिंबीर बंद. मला हेच जड गेलं, किमो परवडली.

आणखी एक, कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. पुढे टॅमॉक्सिफेनची, म्हणजे हार्मोन रोखणारी गोळी लागली तर अंगातून वाफा निघतात आणि इच्छा कमी होते. बायकोला आधी सांगून ठेवा. बीआरसीएची, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या जनुकदोषाची रक्ततपासणी केली का? मुलीबाळी असतील तर त्यांच्यासाठी महत्त्वाची.

द्राक्षवाला_दिंडोरी
दोन मुली आहेत. तपासणीबद्दल अजून विषय निघाला नाही, सोमवारी विचारतो. बटणाचंही सांगतो. मजूर यंदा मिळत नाहीत, भाव बघून पोटात गोळा येतो, पण मेव्हणा आहे, त्याला कात्री देतो. मी बांधावर बसून शिव्या घालेन.

मावशी, मुंग्या जायला तुम्हाला किती दिवस लागले?

सिडकोची_मावशी
हाताच्या काही महिन्यांत गेल्या. पायाच्या अजून थोड्या आहेत, थंडीत जास्त. पण सुईत दोरा ओवते आता.