गोळ्या चुकल्या नाहीत, तरी पहिल्या दोन महिन्यांत टीबीचे काही रुग्ण दगावतात. धोका आधी कसा ओळखायचा?

एसटीएस_ग्रामीण: साधा टीबी, औषधाला दाद देणारा. तरी बहुतेक मृत्यू सुरुवातीच्या आठवड्यांतच होतात. एक्स-रेची वाट न बघता गावातच काही कळतं का?

छाती_ओपीडी: कळतं. तमिळनाडूत २०२२पासून निदान झालं की लगेच हेच बघतात. बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) १४ किंवा कमी, श्वास मिनिटाला २४च्या वर, ऑक्सिजन ९४च्या खाली, आधाराशिवाय उभं राहता न येणं. यातलं एक जरी असलं तरी रुग्णालयात पाठवा. १५५ सेंमी उंचीला ३३ किलो म्हणजे बीएमआय १३.७. दोन्ही पायांवर सूज असेल तर १६ पर्यंतचा बीएमआयही धोक्याचाच, कारण सुजेचं पाणी काट्यावर वजन म्हणून दिसतं. नडगीवर अंगठा दाबून धरा, खळगा राहतो का बघा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश पुसा.

आहार_कट्टा: वजन दर महिन्याला, त्याच काट्यावर. झारखंडच्या ‘रेशन्स’ अभ्यासात पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्यांत मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. ४० किलोच्या माणसाला ते फक्त २ किलो! रुग्णाला महिन्याला १० किलोचा शिधा होता: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. एका गटात घरच्यांनाही माणशी वेगळे ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. हे वेगळं देणं महत्त्वाचं, नाहीतर रुग्णाचं किट चार ताटांत वाटलं जातं. अगदी हाडं निघालेल्याला मात्र पहिल्याच दिवशी भरपेट वाढू नका, रक्तातली क्षारं ढासळतात. ते काम वॉर्डातच.

एसटीएस_ग्रामीण: भरतीला नकार येतो, मजुरी बुडते म्हणून. शिवाय कारखाने सुरू झाले की टोळी निघून जाते.

छाती_ओपीडी: निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी रुग्णाला आहारासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये आहेत, पण बँक खात्याचा तपशील अडला की पैसेही अडतात. तो पहिल्या आठवड्यातच तपासा. ऊसतोडीला निघण्याआधी निक्षय आयडी (रुग्णाचा सरकारी नोंदणी क्रमांक) कागदावर लिहून द्या आणि उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग करा.

मधुमेह_नोंदवही: साखर आणि एचआयव्ही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड गोळीचा असर घटतो, साखर चढते. दारू पिणाऱ्याला उलट्या, गडद लघवी किंवा पिवळे डोळे दिसले तर सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘पित्त झालंय’ म्हणून घरी बसवू नका.