दुःखात, बदलात प्रभूने कसं सावरलं? सातारा-सांगलीकरांनो, लिहा

माहुलीची_लेक
जय ख्रिस्त सगळ्यांना. परवा मिरजेहून साताऱ्याला एसटीने येत होते. शेजारी नर्सिंगला शिकणारी एक मुलगी बसली होती. तिचा इयरफोन निसटला आणि मोबाईलवर ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा अभंग मोठ्याने सुरू झाला. पेटी, तबला, टाळ. ती गडबडून बंद करायला लागली, मी म्हटलं राहू दे गं बाळा. कराड येईपर्यंत दोघी ऐकत आलो.

माझे पप्पा आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवायचे. 2021 च्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांना वेगळं सांगायला नको. दवाखान्यातून परस्पर नेलं. पाळकसाहेब (आमचे पास्टर) मास्क लावून दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच प्रार्थना केली. गाणं नाही. ज्या माणसाने लोकांच्या मयतीला रात्र-रात्र बसून पेटी वाजवली, त्याच्या मातीला एक कडवं नाही. हे मला कितीतरी दिवस गिळता आलं नाही.

निर्बंध उठल्यावर एका रविवारी दुपारी महिला मंडळाच्या सगळ्या जणी न कळवता दारात. कुणी भाषण केलं नाही, कुणी 'देवाची इच्छा' म्हटलं नाही. अंगणात सतरंजी टाकली आणि मातीची जी गाणी राहून गेली होती ती एकामागून एक म्हटली. पप्पांची पेटी माझ्या पुतण्याने काढली. त्याला नुसता सूर धरता यायचा, तेवढाच धरून बसला. आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडली. प्रभू आमच्या अंगणात येऊन बसला असं मला वाटलं, हे आजवर कुणाशी बोलले नव्हते.

तुम्हीही लिहा. मोठं असो, दोन ओळी असो.

कुपवाडकर
एप्रिल 2021. आमचे दाजी. जास्त लिहवत नाही ताई, वाचतोय. 🙏

शाहूपुरी_सातारा
टिळक म्हणाल तर शेवटची वर्षं आपल्या साताऱ्यातच होते. 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा 1917 ला इथंच सुरू केला त्यांनी. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना यायची मोकळीक. 1919 ला मुंबईत वारले. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. माझे आजोबा टाळ घेऊन ख्रिस्ती कीर्तनाला उभे राहायचे, गावातली माळकरी मंडळी पण ऐकायला बसायची. आता कीर्तन कोण करतं? सगळीकडे कीबोर्ड. अनुभव नंतर लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आहे.

मिरजेची_सिस्टर
माझं सगळं शिक्षण आणि नोकरी मिरजेत, वॉन्लेस हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर वॉन्लेसांनी 1894 ला दवाखाना काढला तेव्हापासूनच्या गोष्टी आम्ही विद्यार्थिनी असताना मोठ्या सिस्टरांकडून ऐकायचो. नाईट ड्युटीला किती जणांचा हात धरून बसले असेन, हिशोब नाही. नातेवाईक बाहेर बाकावर झोपलेले आणि आत माणूस जातंय. कोणत्याही धर्माचं असो, मी मनात प्रार्थना म्हणायची. मला वाटायचं, मरण आपल्याला ओळखीचं झालंय.

मग आमचे मिस्टर गेले आणि माझ्याच तोंडून प्रार्थना येईना. बायबल उघडलं की अक्षरं दिसायची, अर्थ नाही. चर्चला जायची, शेवटच्या बाकावर बसायची, घरी यायची.

बायबलातल्या योहानाच्या 11 व्या अध्यायाने मला परत आणलं. मार्था आणि मरीया, दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी येऊन प्रभूला तोंडावर एकच बोलतात: तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. केवढी तक्रार आहे ती! आणि तो रागवत नाही. त्यांच्या मेलेल्या भावाला, लाजराला, उठवणार हे माहीत असूनही तो रडतो. मी म्हटलं, मग मलाही बोलायची मुभा आहे. त्या रात्री स्वयंपाकघरात उभी राहून खूप भांडले त्याच्याशी. तीच माझी पहिली प्रार्थना. आजही रोज गोड बोलतेच असं नाही.

माहुलीची_लेक
सिस्टर, हे मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणते तुम्हाला भेटायचंय.

मिरजेची_सिस्टर
कधीही या. जेवायलाच या. पप्पांची पेटी अजून आहे का गं?

माहुलीची_लेक
आहे की, पण भाता फाटलाय.

शाहूपुरी_सातारा
भाता साताऱ्यात नका देऊ कुणाला. मिरजेत न्या, सतार-तंबोऱ्यांचं गाव आहे, पेटीला हात लावणारं जाणतं माणूस तिथं मिळेल.

सांगलीवाडीची_सून
आमचं पुराचं लिहिते. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलतं, धोक्याची पातळी 45. तुमाला आकडा वाटंल, आमच्या माळ्यावर पाणी हुतं. होडीतनं काढलं. सासूबाई आधीच अंथरुणाला, त्यांना मिरजेला नणंदेकडं नेलं आणि पूर असतानाच गेल्या. मामंजींच्या शेजारी जागा ठिवलेली हुती त्यांच्यासाठी, पर जायाचा रस्ताच पाण्यात. मग मिरजेतच माती दिली.

आमच्या ह्यांनी ते लई मनाला लावून घेतलं. आईबाप मेल्यावर वेगळं पडलं म्हणायचं आणि ताटावरनं उठायचं. पाणी उतरल्यावर पाळक आले. बायबल उघडलंच न्हाई, आधी फावडं घेऊन आमच्यासंगं घरातला गाळ काढला. त्यो वास ज्यानं घेतलाय त्यालाच म्हाईत. संध्याकाळी हातपाय धुऊन चहा पिताना म्हणले, बायबलातल्या अब्राहामाची बायको सारा मेली तवा त्याच्याकडं तिला पुरायला पायापुरती जमीन नव्हती, परक्या मुलखात पैसे मोजून जागा घेतली त्यानं. तरी देवानं त्याला सोडलं का? पुनरुत्थानाच्या दिवशी कोण कुठनं उठतंय ते प्रभू बघंल, त्याला मिरज-सांगली लांब न्हाई.

हे हसले. किती दिवसांनी हसले. रात्री दोन भाकरी खाल्ल्या. मला तर वचनापेक्षा ते फावडंच आठवतंय.

कुपवाडकर
"मिरज-सांगली लांब न्हाई" 😭 वहिनी, एकच नंबर पाळक.

विश्रामबागची_शेजारीण
मी ख्रिस्ती नाही, लिहिलं तर चालेल ना? आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. आमच्यात मयत झाल्यावर पाहुणे कडू घास घेऊन येतात तशी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. तर घरात गाणी चाललेली. मला आधी कसंसंच झालं, पोरगं गेलंय आणि गातायत? मग त्या काकू मला म्हणाल्या, बस, आमच्यात रडायची हीच रीत आहे. मी बसले. शब्द येत नव्हते, पण तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मीही रडत होते. माझ्या वडिलांसाठी रडले खरं तर, ते राहून गेलेलं.

पाचगणी_टेबललँड
चालेल म्हणजे काय, असंच लिहीत राहा.

कडू घास आमच्याकडेपण आहे की. आम्ही कॅथलिक. मला 2 नोव्हेंबर हा दिवस फार आवडतो, विचित्र वाटेल ऐकायला. मृतांचा स्मरणदिन. आदल्या दिवशी आम्ही भावंडं जाऊन कबरी धुतो, गवत काढतो, झेंडू वाहतो, मेणबत्त्या लावतो. पाचगणीचा वारा मेणबत्ती टिकू देत नाही, मग पोरं ओंजळ धरून उभी राहतात. फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात. माझी मुलगी तिच्या आजीला कधी भेटली नाही, पण आजी कुठे आहे हे तिला माहीत आहे. तिला शाळेतल्या गोष्टी सांगते तिथे उभी राहून. ममी गेल्यावर जपमाळ हातात घेतली की बोटं आपोआप चालायची, डोकं बंद असलं तरी. पाठ असलेल्या प्रार्थनेला लोक यांत्रिक म्हणतात. मला तिनेच त्या महिन्यांत उभं ठेवलं.

वाळवेकर
माझा बाप्तिस्मा मोठेपणी झाला. घर वारकरी. आई माझ्याशी वर्षभर बोलली नाही, मग एक दिवस म्हणाली, उपाशी राहू नकोस तिथं. तिथं म्हणजे चर्चमध्ये. टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. मधल्या वर्षांत त्या घराचं काय झालं असेल हे माझ्यासारख्याला वाचायला लागत नाही.

आई गेली तेव्हा मी भावांना सांगितलं, खांदा देईन, पिंडाला बसणार नाही. भावकीत कुजबुज झाली. चुलत्यांनी एकट्यांनी हात वर केला, म्हणाले त्याची आई होती, त्याला रडू द्या. नदीवर लांब उभा राहून मी प्रभूची प्रार्थना म्हटली.

नंतरचं अवघड होतं. आई कुठं गेली? मंडळीत काहींनी पटकन उत्तरं दिली, त्या उत्तरांनी मी आणखी आजारी पडलो. मंडळीतल्याच एका म्हाताऱ्या वडीलबंधूंनी मला शेतात बोलावलं. ऊस तोडणीला आलेला, कामाची गडबड, तरी बांधावर बसले. म्हणाले, न्यायाची खुर्ची तुझी नाही. ज्याने तुला ही आई दिली त्याच्या हातात तिला दे आणि घरी जा. मी दिली. रोज देतो.

वचनप्रेमी
दादा, तुमचं दुःख कळतं, पण वचनात मार्ग एकच सांगितलाय, हे विसरू नये.

मिरजेची_सिस्टर
बाळा, वाळवेकरांनी ते वचन आपल्यापेक्षा जास्त किंमत देऊन धरलंय. बायबलातल्या ईयोबावर दुःख कोसळलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं बरं होतं. आपण या धाग्यावर ते सात दिवस पाळू.

वचनप्रेमी
बरोबर आहे सिस्टर. वाळवेकर दादा, माफ करा. आईंसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करतो.

वाळवेकर
माफी कसली, करा प्रार्थना.

कराडहून_पुण्याला
इथे सगळ्यांनी मरणाबद्दल लिहिलंय. माझं माणूस गेलं नाही, लग्न गेलं. पण मंडळीत मयतीला जशी माणसं येतात तशी घटस्फोटाला येत नाहीत. क्वायरमधून नाव काढलं कुणी नाही, फक्त सरावाचा निरोप येईना. संडे स्कूलला शिकवत होते, तेही 'सध्या राहू दे' झालं. आई म्हणायची चर्च बदल. मला बदलायचं नव्हतं, माझं बालपण त्या बाकांवर गेलंय, नाताळाच्या करंज्या त्याच हॉलमध्ये लाटल्यात.

तेव्हा मी स्तोत्र 88 रोज वाचायचे. बाकीच्या रडगाण्यांमध्ये शेवटी कुठेतरी 'तरी मी तुझी स्तुती करीन' येतं. याच्यात येत नाही, अंधारावरच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे! कुणीतरी ते गाळलं नाही, याचा मला किती आधार वाटला सांगता येत नाही. माझी अवस्था देवाच्या पुस्तकात बसते म्हणजे मीही बसते.

एक रोझीमावशी म्हणू त्यांना (नाव वेगळं आहे). त्या पुढच्या बाकावरच्या. एका रविवारी पर्स, बायबल, उशी सगळं घेऊन मागे माझ्या बाकावर येऊन बसल्या. दर रविवारी. कारण विचारलं नाही, सल्ला दिला नाही. प्रभुभोजनाला उठताना माझ्या खांद्याला धरून उठायच्या. सगळ्या मंडळीला दिसेल असं. हळूहळू आजूबाजूचे बाक भरले. आता पुण्यात असते, सुट्टीला आले की त्याच बाकावर.

सांगलीवाडीची_सून
मावशीला माझा दंडवत सांगा गं.

शाहूपुरी_सातारा
आलो परत. सगळं वाचलं. माझं मोठं काही नाही. दोन्ही पोरं परदेशी, घरात आम्ही दोघं. नाताळला कॅरोलवाली पोरं यायची तीही कमी झाली, निम्मी पुण्या-मुंबईला. गेल्या वर्षी हिने हट्टाने नेहमीएवढा फराळ केला. मी म्हटलं कोण खाणार? रात्री अकराला गिटार घेऊन चार पोरं आली, त्यातली दोन मला माहीतही नव्हती, नव्या कुटुंबांतली. डबे रिकामे करून गेली. यंदा हिने आतापासून सामान भरलंय.

कुपवाडकर
एक सांगायचं होतं. धागा वाचतोय म्हटलं, पण खरं म्हणजे उद्या सकाळी आईचं ऑपरेशन आहे. बहिणीने दाजींचं सगळं एकटीने सोसलं, आता ती आणि मीच दवाखान्यात. भीती वाटतेय. प्रार्थना करा.

मिरजेची_सिस्टर
करतेच. किती वाजता आत घेणार? त्या वेळी मी बसेन. उपाशी ठेवायला सांगितलं असेल तर पाणीसुद्धा देऊ नका रात्री, आया विनवण्या करतात, ऐकू नका. कवळी असेल तर आधी काढून घ्या, आणि बांगड्या.

वचनप्रेमी
आमच्या घरसभेत आज रात्री नाव न घेता प्रार्थना घेतो.

विश्रामबागची_शेजारीण
दवाखाना विश्रामबागेच्या आसपास आहे का? असेल तर तुम्हा दोघांचा डबा माझ्याकडून. काय खाता?

कुपवाडकर
जवळच आहे ताई. काहीही चालेल. बहिणीला तिखट सोसत नाही, तेवढं.

विश्रामबागची_शेजारीण
मग मुगाची आमटी, भात आणि मऊ भाकरी. एक वाजता पोचते. खाली आले की इथंच लिहीन.