कोराडीच्या जनसुनावणीवर बहिष्कार? मला मान्य नाही

कन्हानकाठ:
काल 'निर्धार' यांनी लिहिलं, "कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या विस्ताराची २९ मे २०२३ ची जनसुनावणी हे ठरलेलं नाटक आहे. मांडवात पाऊल टाकलं की तुमची मान्यता गृहीत धरली." वाचल्यापासून डोकं शांत नाही. आहेत त्या संचांच्या शेजारी ६६० मेगावॉटचे आणखी दोन येऊ घातलेत आणि आपण घरी बसायचं?

पर्यावरण परवानगीची २००६ ची केंद्राची अधिसूचना वाचा. सुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागत नाही. मांडवात दहाच माणसं असली तरी ती होते आणि 'पार पडली' असंच दिल्लीला कळतं. न आलेल्याची नोंद होत नाही, बोलणाऱ्याची होते. व्हिडिओ चित्रण असतं. शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावं लागतं, त्याच दिवशी त्यावर सही होते. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभं राहून सांगायचं.

माझं माहेर दुसऱ्याच एका वीज केंद्राच्या राखेच्या तलावाला लागून आहे. आई कुरडया गच्चीवर घालायची आणि दुपारी फडकं उचललं की खाली पांढरी कुरडई, वर करडा थर. तिथल्या सुनावणीला वडील गेले नाहीत, "आपलं कोण ऐकतं" म्हणून. पुढे विहीर खराब झाली तेव्हा तक्रारीला पहिला प्रश्न आला: तेव्हा हरकत घेतली होती का? दाखवायला एक कागद नव्हता.

निर्धार:
भावना कळली. पण जैतापूरचा अणुप्रकल्प विसरलात? १६ मे २०१० ला माडबनला सुनावणी झाली. पर्यावरण अहवाल मराठीत वेळेवर दिला नाही म्हणून लोक संतापले होते, जीव तोडून बोलले. त्याच नोव्हेंबरात ३५ अटी घालून परवानगी आली. काय कमी पडलं त्यांचं? आणि इथे तर ऐन नवतपात, मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हात सुनावणी. म्हाताऱ्या माणसांनी मांडवात ताटकळायचं, कशासाठी?

ओलितवाला:
तुमचं दोघांचंही नागपुरात बसून चाललंय. माझं वावर सावनेर तालुक्यात. तुरीला ओलित द्यायचं तर लाइन रात्री येते. दोन वर्षांआधी दिवाळीच्या तोंडावर लहान भाऊ बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेला, धुऱ्यावर साप चावला. वाचला, पण ११ दिवस दवाखान्यात होता. मी त्या मांडवात येईन आणि संच पाहिजेत म्हणून बोलीन.

रेवती:
भावाचं वाचून वाईट वाटलं. पण लाइन रात्री येते ती संच कमी आहेत म्हणूनच, असं कोणी सांगितलं? दिवसा मागणी चढते म्हणून शेतीचे फीडर, म्हणजे शेतीला वीज नेणाऱ्या वाहिन्या, आळीपाळीने रात्रीवर टाकतात. फीडरजवळ सौर प्रकल्प लावून दिवसा वीज द्यायची योजना राज्यात २०१७ पासून आहे. तुमचा प्रश्न तिथे सुटतो, कोळशात नाही.

ओलितवाला:
आणि श्रावणात आठ-आठ दिवस आभाळ असते तेव्हा? संध्याकाळी सात वाजता साऱ्या नागपूरचे एसी कशावर चालतात? तुम्ही एसी बंद करा, मग मला सौर शिकवा.

रेवती:
माझ्या घरी एसी नाही. दम्याचा पंप आहे, मुलीचा. ती सहावीत आहे. शिकवण्याची भाषा तुम्हीच सुरू केलीत.

निवृत्त बॉयलर:
थांबा दोघं. मी ३१ वर्षं बॉयलरवर काढली (कुठे ते जाऊ द्या). ओलितवाले चुकत नाहीत, संध्याकाळची मागणी खरी आहे. नवा सुपरक्रिटिकल (जास्त दाबाच्या वाफेवर चालणारा) संच जुन्या २१० मेगावॉटच्या संचापेक्षा युनिटमागे कमी कोळसा खातो, हेही खरं. म्हणून मी प्रकल्पाच्या विरोधात नाही.

पण हिशेब मांडा. १,३२० मेगावॉट चोवीस तास पूर्ण चालले तर ३ कोटी १६ लाख युनिट. युनिटला ६५० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला २० हजार टन. त्यात ३५ टक्के राख धरा, ७ हजार टन. वीस टनी ट्रकचे साडेतीनशे फेरे, रोज. ती जाणार कुठे? जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा कोराडी केंद्राच्या राखेचा बंधारा फुटून पाणी गावात शिरलं, हे सगळ्यांनी पाहिलंय. पाण्याचंही तसंच. नव्या केंद्राला मेगावॉट-तासाला ३ घनमीटरची मर्यादा आहे, म्हणजे तासाला ३,९६० घनमीटरपर्यंत. नागपूरच्या भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी आधीच कोराडीला जातं. नव्या संचांना किती उरतं, हे आकड्यात मागा. आणि एफजीडी, म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा. डिसेंबर २०१५ ला निकष आले, मुदत २०१७ ची होती, ती वाढतच गेली. कोराडीच्या ६६० च्या तिन्ही संचांना आजही ते नाही. आधी जुन्यांना लावा, मग नव्यांचं बोला, एवढं एकच वाक्य इतिवृत्तात जाऊ द्या.

निर्धार:
हिशेब पटला. पण इतिवृत्तात गेलं म्हणून पुढे कोण वाचतो?

कन्हानकाठ:
न्यायालय वाचतं. दक्षिण गोव्यात रिवणच्या खाणीला मिळालेली परवानगी दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये रद्द केली. उत्कर्ष मंडळाची याचिका होती. सुनावणीत लोकांनी घेतलेल्या हरकतींचा तज्ज्ञ समितीने विचार केल्याचं दिसत नाही, कारणं दिलेली नाहीत, हा मुख्य मुद्दा ठरला. हरकती नोंदल्या होत्या म्हणून. त्या दिवशी गाव घरी बसलं असतं तर न्यायालयापुढे काय ठेवलं असतं?

जैतापूरबद्दल तुमचं बरोबर आहे. बोलून परवानगी थांबतेच असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच की न बोलता तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

निर्धार:
ठीक आहे, येतो. पण येणं म्हणजे मान्यता नाही, हेच माझं पहिलं वाक्य असेल.

कन्हानकाठ:
तेच म्हणा, नोंदवूनही घ्या. ओलितवाले, तुम्ही बाजूने बोला, पण सापाची गोष्ट सांगाच आणि 'या संचांमधून माझ्या फीडरला दिवसा किती तास लाइन मिळणार' हे लेखी मागा. रेवती, मुलीच्या दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स जोडा.

प्रत्येकाने एकच मुद्दा घ्यायचा. दहा जणांनी 'प्रदूषण होतं' म्हटलं तर दहांचं मिळून एक वाक्य लिहिलं जातं. कागद दोन प्रतींत, एक त्यांना, दुसरीवर तारखेसह पोच. सोबत पाण्याची बाटली आणि दुपट्टा.

ओलितवाला:
लेखी मागतो. अर्ज लिहून कोण देईल? माझं अक्षर बरोबर नाही.

रेवती:
मी लिहून देते. शनिवारी संध्याकाळी फोन करा, फीडरचं नाव आणि लाइनच्या वेळा काढून ठेवा.