मदत हवी आहे: कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक) दोन्ही वाढलेले, पण स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या आजारासंबंधी हा धागा काढत आहे. त्यांचे वय ६१ असून आम्ही पुण्यात कर्वेनगरला राहतो. गेल्या ४ वर्षांत त्यांना दोनदा मुतखडा झाला. पहिल्या वेळी उन्हाळ्यात सोसायटीत येणाऱ्या टँकरच्या पाण्यावर खापर फुटले, हुलग्याचे कढण आणि पानफुटीची पाने सुरू झाली, आणि खडा पडून गेल्यावर विषय संपला. दुसऱ्या वेळी मूत्रविकारतज्ज्ञांनी खडा काढून न थांबता रक्तातील कॅल्शियम तपासायला सांगितले, तेव्हा कुठे खरे कारण, म्हणजे गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचा बिघाड, समोर आले. मधल्या काळात पाठदुखी, बद्धकोष्ठ, सतत लागणारी तहान, दुपारी गळून जाणे हे सर्व सुरूच होते. वर्षानुवर्षे रोज सकाळी सोडवलेले वर्तमानपत्रातील शब्दकोडेसुद्धा त्यांनी 'आता डोके चालत नाही' म्हणून बाजूला ठेवले होते. आम्ही हे सगळे वयाच्या नावावर टाकले, याची आता खंत वाटते.

अहवाल असे आहेत. कॅल्शियम ११.३ (प्रयोगशाळेची वरची मर्यादा १०.५), अल्ब्युमिन ४.१, फॉस्फरस २.४, क्रिएटिनिन ०.९, पीटीएच १४८ (मर्यादा १५ ते ६५), ड जीवनसत्त्व १४. चोवीस तासांच्या लघवीत ३२० मिलिग्रॅम कॅल्शियम आले. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कण्याचा टी-स्कोअर (जितका उणे, तितकी हाडे विरळ) उणे १.९ आणि मनगटाजवळच्या हाडाचा उणे २.८ आहे. रक्तदाबाच्या त्यांच्या गोळीत थायाझाइड गटातील औषध होते आणि त्यानेही कॅल्शियम वाढते, म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ती गोळी बदलून ३ महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. तेव्हाही कॅल्शियम ११.१ आणि पीटीएच १३९ आले.

मला जे समजले आहे ते लिहिते, चूक असल्यास कृपया दुरुस्त करावे. थायरॉइडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्यांना परावटू ग्रंथी म्हटलेले आढळते. नावात थायरॉइड असले तरी कामाच्या दृष्टीने दोघींचा संबंध नाही, आणि हे नातेवाइकांना समजावताना माझी पुरेवाट झाली, कारण प्रत्येक जण 'थायरॉइडची गोळी सुरू केली का?' असेच विचारतो. या ग्रंथींचे पीटीएच हे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते, मूत्रपिंडाला कॅल्शियम राखून फॉस्फरस सोडायला लावते, आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करवून आतड्यातून कॅल्शियमचे शोषण वाढवते. रक्तातले कॅल्शियम वाढले की निरोगी ग्रंथी गप्प बसतात. सासूबाईंच्या बाबतीत कॅल्शियम जास्त असूनही पीटीएच चढेच आहे, म्हणजे एखादी ग्रंथी कोणाचेच ऐकत नाही.

आता अडचण सांगते. एका डॉक्टरांचे म्हणणे असे, की ड जीवनसत्त्व १४ असल्यामुळेच पीटीएच वाढले आहे, तेव्हा ६०,००० युनिटच्या पुड्या दर आठवड्याला घ्याव्यात आणि निश्चिंत राहावे. परंतु केवळ त्या कमतरतेमुळे पीटीएच वाढते तेव्हा कॅल्शियम सामान्य किंवा कमी असते, असे मी वाचले आहे, मग ११.३ कुठून आले? दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी औषध टोचून बिघडलेली ग्रंथी शोधणारी तपासणी) करवले, दोन्हींत काही सापडले नाही, तेव्हा 'काढण्यासारखे काही दिसत नाही, कॅल्शियमही फार नाही, वर्षभर वाट पाहू' असे म्हणाले. तिसऱ्या डॉक्टरांनी मात्र बिघडलेली ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रियाच सुचवली. स्कॅन कोरा आला म्हणजे आजारच नाही असा अर्थ होतो का, पुड्या देणे सुरक्षित आहे का, आणि तोपर्यंत दूध-दही बंद करावे का, एवढे जाणकारांनी सांगितल्यास फार उपकार होतील. सासूबाईंनी दूध स्वतःहूनच सोडले आहे आणि त्या कोणाचेही ऐकत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया ६ वर्षांपूर्वी झाली आहे. मी डॉक्टर नाही, पण त्या काळात यावर बरेच वाचले आणि विचारले. आधी मुख्य शंकेबद्दल. या आजाराचे निदान रक्ताच्या तपासणीवर होते, स्कॅनवर नाही. स्कॅन हा फक्त शल्यविशारदांसाठी नकाशा असतो. नकाशात गाव सापडले नाही म्हणून गाव नाहीसे होत नाही. माझेही दोन्ही स्कॅन कोरे होते. शल्यविशारदांनी चारही ग्रंथी शोधून पाहिल्या आणि डावीकडची खालची ग्रंथी सुजलेली निघाली. अशा रुग्णांपैकी साधारण ८० ते ८५ टक्क्यांमध्ये एकाच ग्रंथीत साधी, कर्करोग नसलेली गाठ असते. कर्करोग एक टक्क्याहूनही कमी जणांत आढळतो, तेव्हा 'गाठ' या शब्दाने घाबरू नये. ग्रंथी काढल्यावर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पुन्हा पीटीएच मोजतात. हे संप्रेरक रक्तात काही मिनिटेच टिकत असल्यामुळे १० मिनिटांत ते निम्म्याहून खाली आले, तर दोषी ग्रंथी निघाली असे समजतात.

'कॅल्शियम फार नाही' हे म्हणणे अर्धेच खरे आहे. मर्यादेपेक्षा १ ने जास्त कॅल्शियम हा शस्त्रक्रियेचा एक निकष आहे आणि तुमच्या सासूबाई त्यात बसत नाहीत, हे बरोबर. पण मुतखडा, उणे २.५ किंवा त्याखालचा टी-स्कोअर आणि स्त्रियांमध्ये लघवीत २५० च्या वर कॅल्शियम हेही स्वतंत्र निकष आहेत आणि त्या तिन्हींत बसतात. लघवीतले कॅल्शियम भरपूर असल्यामुळे, ज्यात शस्त्रक्रियेचा उपयोग होत नाही तो आनुवंशिक प्रकारही येथे संभवत नाही असे वाटते, तरी तज्ज्ञांना विचारून घ्यावे.

दूध बंद करू नये. आहारातले कॅल्शियम तोडल्यास शरीर ते हाडांतून ओढते आणि पीटीएच आणखी वाढू शकते. पाणी भरपूर प्यावे. ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढणे आवश्यकच आहे, मात्र ते बेताच्या मात्रेत आणि मधूनमधून कॅल्शियम तपासत व्हावे. ते कमी राहिल्यास शस्त्रक्रियेनंतर उपाशी हाडे रक्तातले कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. मला तिसऱ्या दिवशी ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या आल्या होत्या. कॅल्शियमच्या गोळ्या आधीच आणून ठेवल्या होत्या, म्हणून निभावले.

प्रतिसाद २

मी प्रयोगशाळेत काम केले आहे, त्यामुळे एकच भर घालतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर सांगावे. अनेक यंत्रांवर बायोटिनमुळे पीटीएच खोटे कमी दिसते, म्हणून तपासणीपूर्वी काही दिवस ते थांबवावे लागते. शिवाय कॅल्शियम आणि पीटीएच एकाच वेळी काढलेल्या रक्तातून तपासावे, आणि पट्टा दंडाला फार वेळ आवळून ठेवू देऊ नये, त्यानेही कॅल्शियम वाढलेले दिसते.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. बायोटिनची गोळी खरोखरच चालू आहे, केस गळतात म्हणून त्यांच्या बहिणीने दिलेली. म्हणजे खरे पीटीएच १४८ हूनही जास्त असू शकते, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. ती आजपासून बंद केली आहे. दुधाबद्दलचा परिच्छेद सासूबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी चहात दूध घालायला परवानगी दिली. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा जाणार आहोत. त्यांना वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता आणि शस्त्रक्रिया चालू असताना पीटीएच मोजण्याची सोय तुमच्याकडे आहे का, हे दोन प्रश्न विचारणार आहे. शस्त्रक्रियेत या ग्रंथींजवळून जाणाऱ्या आवाजाच्या नसेला इजा होण्याच्या शक्यतेबद्दल आणखी काय विचारावे, हे प्रतिसाद १ लिहिणाऱ्यांनी सांगितल्यास बरे होईल. सासूबाई भजनी मंडळात गातात आणि त्यांची खरी भीती तीच आहे.