१८-५५ ने साबुदाणा येतोय! टूरच्या बॅगेत मावेल अशी, रात्रीच्या आकाशासाठी कोणती लेन्स घेऊ?

बॅगवाला_अमळनेर

राम राम मंडळी. मी औषध कंपनीत एमआर आहे. घर अमळनेरला, पण महिन्यातले बारा-तेरा दिवस टूर: शिरपूर, शहादा, तळोदा, धडगाव. मोटारसायकल आणि पाठीवर एक बॅग. बहिणीच्या लग्नात घेतलेला कॅनन १५००डी आणि सोबत आलेली १८-५५ लेन्स दोन वर्षं कपाटात पडून होती. डिसेंबरात धडगावच्या मुक्कामी लाइट गेली, गच्चीवर गेलो आणि वर बघून चाटच पडलो. अख्खा मृग, त्याच्या खाली व्याध आणि दक्षिणेला पार डोंगराला टेकलेला अगस्ती. आजीने अंगणात बाजेवर पडून दाखवलं होतं ते सगळं जागच्या जागी. तेव्हापासून कॅमेरा सॅम्पलच्या डब्यांशेजारी बॅगेत असतो.

आता रडगाणं. परवाच्या अमावास्येला तोरणमाळला गेलो. पहाटे साडेतीनला यशवंत तलावाच्या काठी उभा राहून ६३ फोटो काढले. ऑटोफोकस नुसता घरघर करत होता, म्हणून अंदाजाने फिरवला. निम्म्या फोटोंत तारे साबुदाण्याएवढे. उरलेल्यांत ३० सेकंद ठेवले होते, तिथे शेवया. आकाशगंगा डोळ्यांना पुसट दिसत होती, फोटोत नावाला नाही.

म्हणजे लेन्स बदलायला पाहिजे, बरोबर? बजेट २० हजार. दुकानदार १०-१८ घ्या म्हणतो, "वाइड आहे, आख्खं आकाश मावेल." ऑफिसातला मित्र म्हणतो ५० एमएम एफ १.८ घे, स्वस्त आणि मस्त. नाशिकला एक जण जुनी टोकिना ११-१६ एफ २.८ विकतोय. आणि जिथे वाचावं तिथे सॅमयांग १४ एमएमचं कौतुक. बॅगेत जास्तीत जास्त अर्धा किलो वाढू शकतं, कारण व्हिज्युअल एडचा (डॉक्टरांना औषधांची माहिती दाखवायचा) टॅब, सॅम्पल आणि डबा काही काढता येत नाही. कोणती घेऊ?

फक्त_मोबाइल

कशाला एवढा खटाटोप? आजकालच्या मोबाइलला नाइट मोड असतो. दगडाला टेकवून ठेवा, काम झालं.

केळीवाला_फैजपूर

वरच्या भावांचं खोटं नाही, पण कॅमेरा घरात आहेच तर तो वापरू द्या की त्यांना.

मी केळी करतो. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी आली की मोटर चालू करायला बाराला, कधी दोनला उठावंच लागतं. उठलोच आहे तर, म्हणून चार वर्षांपूर्वी ट्रायपॉड सोबत न्यायला लागलो. घरचे विचारतात, पाणी भरायला चालला की तारे मोजायला.

आधी साबुदाणा. तो फोकसमुळे, आणि शेवया ३० सेकंदांमुळे. दोन्ही दुखणी फुकटात बरी होतात. लेन्सच्या बाजूचं बटण एमएफवर, म्हणजे हाताने फोकसवर करा, त्याच्याजवळचं स्टॅबिलायझरचं बंद करा. झूम १८ वर. लाइव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघत, सगळ्यात ठळक तारा चौकटीत घ्या आणि भिंगाच्या बटणाने १० पट मोठा करा. आता लेन्सचं सगळ्यात पुढचं कडं केसाकेसाने फिरवा. तारा आधी फुगलेला दिसेल, मग बारीक होत टाचणीच्या टोकाएवढा होईल, आणखी फिरवलं की परत फुगेल. टाचणीवर परत या आणि हात काढून घ्या. कड्याला वायरमनची काळी चिकटपट्टी मारा, कारण या लेन्सचं कडं इतकं ढिलं असतं की झाकण लावतानाही सरकतं. झूमला हात लागला तर सगळं पहिल्यापासून. मग एफ ३.५, १५ सेकंद, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि दोन सेकंदांचा टायमर. एवढं करून एक अमावास्या काढा, लेन्सचे पैसे तोवर बँकेत राहू द्या.

आता लेन्सचं. मी लेन्सकडे पाइपासारखा बघतो. दोन इंची पाइपाने वाफा भरायला रात्र जाते, तीन इंचीने लवकर भरतो. एफचा आकडा जितका लहान तितका पाइप मोठा. एफ ३.५ वरून २.८ वर आलात तर दीडपट प्रकाश, २ वर आलात तर तिप्पट. ती १०-१८ रुंद खरी, पण तिचा सगळ्यात मोठा पाइप एफ ४.५, म्हणजे तुमच्या आत्ताच्या लेन्सपेक्षाही बारीक. दुकानदाराने दिवसाचं आकाश धरलं असेल.

सॅमयांग १४ माझ्याकडे आहे, तीन वर्षं तीच वापरतो, आणि तरी तुम्हाला ती घ्या असं सांगणार नाही. तिची पुढची काच बेडकाच्या डोळ्यासारखी बाहेर आलेली असते. फिल्टर बसत नाही, झाकण नुसतं वरून अडकवायचं, ते बॅगेत आपोआप निघतं. मी घरातून बांधापर्यंत नेतो म्हणून निभावतं. तुम्ही शहादा-धडगाव मोटारसायकलवर, सॅम्पलच्या डब्यांशेजारी... नको. शिवाय तिच्यावर अनंताची, म्हणजे फार लांबच्या फोकसची, खूण जिथे छापलीय तिथे तारे स्पष्ट येतात असंही नाही. माझी खुणेच्या अलीकडेच लागते, मी तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. (बायकोची शीशी. तो वेगळा विषय.)

५० एमएम एफ १.८ वजनाला १६० ग्रॅम, खिशात जाते. पण तिच्यात आकाशाचा तुकडाच मावतो. आकाशगंगेचा अख्खा पट्टा विसरा. कृत्तिका, मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ, वृश्चिकाची नांगी यांच्यासाठी मात्र तिला तोड नाही. तारा हा ठिपका, त्याला काचेच्या भोकाचा व्यास लागतो: तुमच्या १८-५५ चं भोक १८ वर पाच मिलिमीटरचं, या ५० चं जवळजवळ २८. म्हणून डोळ्यांना न दिसणारे तारेही त्यात उतरतात. आकाशगंगेचा उजेड पसरट असतो, तिला एफचा आकडा लागतो. पूर्ण उघडी ठेवली तर कोपऱ्यातले तारे पाखरांसारखे पंख पसरतात, एफ २.५-२.८ वर आणा. वेळ सहा सेकंद, त्याच्या वर नाही.

टोकिना चांगली. अर्धा किलोच्या थोडी वर जाते, पण काच आत आहे आणि झाकण खटकन बसतं. प्रकाश दीडपट, शिवाय ११ एमएमवर शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. ५०० ला फोकल लेंथने (लेन्सचा एमएमचा आकडा) आणि कॅननच्या लहान सेन्सरच्या १.६ ने भागायचं, तितके सेकंद: १८ ला १७ येतात, ११ ला २८. दोन्ही मिळून अडीचपट. फक्त बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काचेतून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे हवा कोरडी म्हणून लेन्सा टिकतात, पण जुनी लेन्स कोणाच्या कपाटात किती पावसाळे काढून आलीय, कोण सांगणार?

तर क्रम असा: आधी चिकटपट्टी, मग टोकिना स्वच्छ निघाली तर टोकिना, नाहीतर ५०. एफ २ वाली सॅमयांग १६ जुनी कुठे मिळाली तर डोळे झाकून घ्या, पण ती विकणारा माणूस मला अजून भेटायचाय.

सातपुड्याचा_वारा

मी शहाद्याचा. भाऊ, लेन्सना इचार मांगे कर, पहिले तिपाईले दगड बांध! तोरणमाळला पहाटे वारा सुटतो आणि हलका ट्रायपॉड चळचळ कापतो. मधला दांडा वर काढायचा नाही, त्याच्या आकड्याला बॅग लटकवायची, आणि बॅग खाली जमिनीला टेकली पाहिजे, नाहीतर तीच झोके घेते. सीता खाईच्या कडेला अंधारात जाऊ नका, दिवसा जागा बघून ठेवा. मार्चअखेर आकाशगंगेचा गाभा रात्री पाऊण-एकला उगवतो, पण क्षितिजाच्या धुळीतून वर यायला तीन वाजतात. पाचनंतर उजाडायला लागतं. हातात दोन तास. टॉर्चला लाल जिलेटीनचा कागद लावा.

गणिताचा_मास्तर

चाळीसगावहून. ५०० चा नियम फिल्मच्या काळातला आहे, २४ मेगापिक्सेलला तो ढिला पडतो. करून बघा. आकाश सेकंदाला १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं. १८ एमएमच्या लेन्सने ते सेन्सरवर सेकंदाला सुमारे १.३ मायक्रॉन होतं. तुमच्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल साधारण ३.७ मायक्रॉनचा. म्हणजे १७ सेकंदांत तारा सहा पिक्सेल पळाला. व्हॉट्सअॅपवर टाकायचं तर कोणी ओळखणार नाही. भिंतीवर लावायचा असेल तर १० सेकंदांच्या वर जाऊ नका, आणि ध्रुवाकडे कॅमेरा असेल तर थोडी सूट घ्या, तिकडचे तारे आळशी.

जाता जाता: एकदा पाटणादेवीला या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथला. जागा अभयारण्यात आहे आणि बिबट्या आहे, त्यामुळे रात्री थांबायचं तर वनखात्याला विचारूनच. मी निवृत्त झाल्यावर तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. चौथा अर्ज दिलाय.

बॅगवाला_अमळनेर

सगळ्यांचे आभार, उशीर झाला, मार्च क्लोजिंग होतं.

नाशिकची टोकिना बघून आलो. माणूस भला, चहा पाजला, बॉक्स-बिल सगळं होतं. टॉर्च तिरपा मारला तर आतल्या काचेच्या कडेला बारीक पांढरे धागे, नखाएवढ्या जागेत. तो म्हणाला, "याने फोटोत काही फरक पडत नाही." मग तुम्हीच ठेवा म्हटलं आणि निघालो. टोकिना गेली, पैसे वाचले.

अमावास्येला परत तोरणमाळ. जुनीच १८-५५, चिकटपट्टी आणि दांड्याला सॅम्पलची बॅग. वारा होताच. फोकस लावायला पंधरा मिनिटं गेली, बोटं थरथरत होती. तारा टाचणीएवढा झाला तेव्हा श्वास रोखून पट्टी मारली. १२ सेकंद, आयएसओ ३२००. स्क्रीनवर आधी काळंच वाटलं. मग मोठं करून बघितलं: ज्येष्ठा चक्क लालसर, त्याच्याखाली नांगी वळलेली, आणि डावीकडे दुधाळ धूर. मी मागे वळून बघितलं, खरंच कोणी शेकोटी केलीय का म्हणून. नव्हती.

मास्तर, सहा पिक्सेलचं पटलं. १७ चा आणि १० चा शेजारी ठेवून बघितला. १७ मधले तारे तांदळाचे दाणे दिसतात.

५० एमएमची ऑर्डर दिलीय, पाच-सहा दिवसांत येईल. पुढच्या अमावास्येच्या आठवड्यात यावल-फैजपूरचा टूर मागून घेतलाय. केळीवाले साहेब, तेव्हा तुमची लाइट रात्रपाळीची आहे का?

केळीवाला_फैजपूर

आहे. मोटर दीड वाजता चालू करायची असते. बांधावर बाज टाकून ठेवतो. रॉकेलच्या वासाची सवय आहे ना? डास फार आहेत.