बातम्या सांगणाऱ्या माणसाची तिथी घरच्या वहीत लिहावी का?

साखळीची लेक

काल, ७ जूनला, गीतांजली अय्यर गेल्या. १९७१ पासून तीसेक वर्षं त्या दूरदर्शनवर इंग्रजी बातम्या वाचत होत्या. आणि बरोबर वर्षापूर्वी, ७ जून २०२२ ला, आपले मराठी बातम्यांचे निवेदक प्रदीप भिडे गेले, वयाच्या ६४ व्या वर्षी. त्या दिवशी आमच्या घरात जे झालं त्यावरून भावाचं आणि माझं अजून पटलेलं नाही, म्हणून इथे विचारते.

आम्ही गोव्यातल्या साखळी गावचे. माझे बाबा मराठी प्राथमिक शाळेतले शिक्षक. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली. टीव्हीचा पडदा आधी पिवळट, मग राखाडी, मग काहीच नाही. पण आई तुळशीकडे दिवा लावून आत आली की बाबांची खुर्ची टीव्हीसमोर ओढायची, हे ठरलेलं. सातच्या बातम्या, सह्याद्री. निवेदक कोण हे त्यांना पहिल्या ‘नमस्कार’लाच कळायचं. भिडे असले की बाबा मांडीवरचा हात सरळ करून बसत, शाळेत तपासनीस आल्यासारखे. अपघातात किती दगावले हे सांगून झाल्यावर आणि क्रिकेटचा निकाल सांगण्याआधी भिडे जेवढे थांबत, तेवढंच बाबा श्वास धरून असत. ‘बघ, मेलेल्यांना जागा दिली त्यांनी,’ असं एकदा म्हणाले होते.

भिडे गेल्याचं मी सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, वही काढ. आमच्याकडे एक वही आहे, तीत घराण्यातली, शेजारपाजारची गेलेली माणसं आणि त्यांच्या तिथ्या आहेत. कालनिर्णय बघून तिथी लिही म्हणाले. मी लिहिली. भाऊ म्हणतो हे अती झालं, टीव्हीवरच्या माणसाला आजोबांच्या पंगतीत बसवलं. मला ते अती वाटत नाही. तुम्हाला?

धारबांदोड्याचा ट्रकवाला

ताई, तुमच्या बाबांच्या दुःखाला माझा हात जोडून नमस्कार. पण भाऊ बरोबर बोलतो.

सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने. माझे दोन ट्रक, दोन्ही कर्जाचे, अंगणात उभे राहिले. टायरांत गवत शिरलं. मी रोज संध्याकाळी बातम्या लावून बसायचो. कुठल्या वाहिनीवर ते सोडा, पण ‘या प्रश्नावर सरकार गंभीरपणे विचार करत आहे’ हे वाक्य मी इतक्या सुंदर, इतक्या शांत आवाजात ऐकलंय की दोन-तीन महिने मी त्यावर विश्वास ठेवून बसलो. तेच वाक्य एखाद्या तोतऱ्या माणसाने वाचलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात एक ट्रक विकला असता. नंतर विकला तो भंगाराच्या भावाने.

आवाज चांगला म्हणून वाक्य खरं, हे आपण धरून चालतो. घात तिथेच होतो. भिडे यांच्याविषयी मनात काही नाही. पण ज्याने वाक्य लिहिलं नाही, तपासलं नाही, त्याला विश्वासू म्हणायचं कशावरून?

पणजीचा जुना वाचक

ट्रकवाल्यांच्या मुद्द्यात मोठं तथ्य आहे. अमेरिकेत वॉल्टर क्रॉन्काइट १७ जुलै २००९ ला गेले, ९२ वर्षांचे होऊन, तेव्हा सगळा देश हळहळला. १९६२ ते १९८१ अशी एकोणीस वर्षं सीबीएस वाहिनीच्या संध्याकाळच्या बातम्या त्यांच्या होत्या. ‘त्यांच्या’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण ते नुसते निवेदक नव्हते, त्या बातमीपत्राचे व्यवस्थापकीय संपादक होते. काय जाणार, काय नाही, यात त्यांचा शब्द चाले. १९६८ मध्ये ते स्वतः व्हिएतनामला जाऊन आले आणि हे युद्ध कोंडीत अडकलं आहे असं पडद्यावर स्पष्ट सांगितलं. हे माझं मत आहे, बातमी नाही, हेही सांगून.

आपल्याकडे ती सोय नव्हतीच. ३१ ऑक्टोबर १९८४ आठवा. इंदिरा गांधी गेल्याची बातमी बीबीसीने कितीतरी आधी दिली, दूरदर्शनवर सलमा सुलतान यांच्या तोंडून ती संध्याकाळी आली. आमच्या घरी तोवर रेडिओभोवती माणसं जमली होती आणि कुणाला काही कळत नव्हतं. निवेदकाला दोष देत नाही. पण ज्याच्या हाती संपादन होतं तो आणि ज्याच्या हाती फक्त कागद होता तो, या दोघांना एकाच पाटावर बसवू नये.

निवेदिका होते

‘फक्त कागद’ हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी गोव्यातल्या एका केबल वाहिनीवर सहा वर्षं बातम्या वाचल्या. छोटी जागा, भिंतींना लावलेले गाद्यांचे तुकडे, एक कॅमेरा, आणि पहिली दोन वर्षं तर समोर अक्षरं सरकवणारं यंत्रही नव्हतं. हातात कागद, त्यावर कधी टाइप केलेलं, कधी पेनाने खरडलेलं.

एका संध्याकाळी हमरस्त्यावरच्या अपघाताचा कागद आला, वाचायला जेमतेम चार मिनिटं होती. त्यात एक नाव होतं. माझ्या मावशीच्या वाड्यावरचा मुलगा. नाव, आडनाव, गाव, वय, सगळं जुळत होतं. मी बातमीदाराला विचारलं, घरी कळवलंय का? त्याला माहीत नव्हतं. पोलिसांनी नाव दिलंय म्हणाला, वाच. मी वाचलं नाही. ‘एका तरुणाचा मृत्यू’ इतकंच म्हटलं आणि नाव गाळलं. त्यावरून मला बोलणी बसली, दुसऱ्या वाहिनीने नाव आधी दिलं म्हणून. त्याच्या आईला ते टीव्हीवरून कळलं की घरच्या माणसाकडून, एवढाच फरक माझ्या हातात होता.

वाचणारा कागदाबाहेर जाऊ शकत नाही हे खरं. पण कागद आणि घर यांच्यामध्ये शेवटी तोच असतो. ट्रकवाले भाऊ, सरकारच्या वाक्यावर तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य मीही वाचलंय, शब्दांचा थोडाफार फरक असेल. पण मी ‘सरकारने सांगितलं की’ हे शब्द कधी खाल्ले नाहीत. बातमीत ते तीन शब्द खाल्ले की सरकारचं म्हणणं हीच बातमी होते.

धारबांदोड्याचा ट्रकवाला

तुमच्या त्या मुलाच्या नावाबद्दल तुम्हाला मानतो. पण बघा, तुम्ही कागदाच्या विरुद्ध गेलात म्हणून मी तुम्हाला मानतो. कागद जसाच्या तसा गोड वाचला असता तर मानलं नसतं. म्हणजे मुद्दा माझाच झाला.

माशेलचा म्हातारा

गोव्याला आवाजावर विश्वास ठेवायची सवय टीव्हीने लावलेली नाही. २५ नोव्हेंबर १९५५ ला रानातून एक गुप्त नभोवाणी सुरू झाली. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, दोघं आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या जंगलात, ट्रान्समीटर घेऊन सहा वर्षं. पोर्तुगीज सालाझारशाहीची एक बाजू सांगत आणि हा आवाज दुसरी. लोक दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत. १९ डिसेंबर १९६१ ला हीच माणसं विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरली. आम्ही अंगणात धावलो होतो.

मी तेव्हा पोर होतो. त्या बाईचा चेहरा मला कित्येक वर्षं माहीत नव्हता. आवाजाशी माणसाचं नातं जुळतं, त्याला चेहरा लागत नाही. साखळीच्या मास्तरांचं मला कळतं.

धारबांदोड्याचा ट्रकवाला

बाबा, तुम्ही ज्या दोघांचं नाव घेतलं ती माणसं सत्तेविरुद्ध जीव धोक्यात घालून बोलत होती. सत्तेच्याच इमारतीत बसून बोलणाऱ्यांशी त्यांची सांगड नको.

साखळीची लेक

सगळ्यांचं दोनदा वाचलं. बाबांनाही वाचून दाखवलं.

क्रॉन्काइट यांच्याबद्दल एक जोडते, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडी गेल्याची कुजबुज त्यांच्या कानावर आधीच आली होती, पण पक्की खबर हाती पडेपर्यंत ते थांबले. ती आली तेव्हा त्यांनी वाचली, चष्मा काढला, घड्याळाकडे पाहिलं, वेळ सांगितली, चष्मा परत घातला आणि काही क्षण बोलता आलं नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो चष्मा आणि ते न बोलता आलेले क्षण. तिथे संपादकाने काही नवीन लिहिलेलं नव्हतं. एका माणसाने एक वाक्य तोलून वाचलं होतं.

ट्रकवाले भाऊ, तुमचं मात्र मी खोडू शकत नाही. सुंदर आवाजात पोकळ वाक्य अधिक फसवतं, हे पटतं. म्हणूनच मला तो आवाज हवा होता आणि त्याला चांगली वाक्यं मिळायला हवी होती. आज वाक्य बरं असलं तरी ते सहा चौकटींतल्या आरडाओरड्यात बुडतं. म्हादई नदीच्या पाण्यावरची परवाची चर्चा बघा. तासभर भांडण झालं, आणि पाणी कुठून कुठे वळवायचं आहे हे एकालाही सांगता आलं नाही. डिचोलीला ‘बिचोलिम’ आणि पेडण्याला ‘पेरनेम’ म्हणणाऱ्यांकडून आमच्या नदीची बातमी आम्ही ऐकतो. सातच्या बातम्यांत साखळी ही साखळीच असायची. बाबांना तेवढं पुरे होतं, कारण आपलं गाव नीट उच्चारणारा माणूस मेलेल्यांचा आकडाही चुकवणार नाही असं ते धरून चालत. हे तर्काला धरून नसेल. पण ज्याला पडदा दिसत नव्हता त्याच्यापाशी तपासायला दुसरं काय होतं?

धारबांदोड्याचा ट्रकवाला

यावर मी गप्प. मत बदललं नाही, पण मास्तरांना दुखवायचं नव्हतं. एकच विचारतो. वहीत नावापुढे काय लिहिलंत? निवेदक की पत्रकार?

साखळीची लेक

दोन्ही नाही. बाबांनी सांगितलं तेच लिहिलं: ‘प्रदीप भिडे, मुंबई. सातच्या बातम्या.’ खाली तिथी. त्याच्या वरच्या ओळीत माझी आत्या आहे.

काल रात्री बाबांना गीतांजली अय्यर यांचंही सांगितलं. त्यांना इंग्रजी बेताचंच कळायचं, तरी आवाज आठवत होता. ‘ती सवकास वाचताली,’ म्हणाले. त्यांचं नावही लिहू का, विचारलं. थोडा वेळ विचार केला आणि मान हलवली.

‘ना. ती आमगेर येनासली.’ म्हणजे, ती आमच्या घरी येत नव्हती.